उलटा धरलेला बाटला

पेट्रोल पंपावरची ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून, दरोडे, दंगली पुष्कळ पाहिल्या. पण एका माणसाने वस्तू उलटी धरली म्हणून अख्खे गाव त्याला खुनी ठरवायला निघाले, असे एकदाच पाहिले. माणसे हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. गावोगाव मोटारसायकली वाढल्या होत्या आणि तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवा पंप सुरू झाला होता. मी तेव्हा त्या हद्दीत फौजदार होतो. उन्हाळा कडक होता, विहिरी आटल्या होत्या आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते. पेट्रोलचा टँकर पंपाच्या टाकीत खाली होत असताना पाइपाचा जोड निसटला आणि पेट्रोल फरशीवर पसरले. तेवढ्यात कुणा जीपवाल्याने गाडी चालू केली, भडका उडाला. पंपावर काम करणारा एक तरुण टँकरचा कॉक बंद करायला आत धावला. कॉक त्याने बंद केला, पण त्याचे कपडे पेटले. लोकांनी वाळूच्या बादल्या ओतून आग आटोक्यात आणली. तरुण अंबाजोगाईच्या दवाखान्यात दगावला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

तो तरुण गावातल्या किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा. दुकानदाराला सगळे अप्पा म्हणत. धोतर, गळ्यात लिंग, तोलून बोलणारा माणूस. मुलाची माती झाल्यावर चार-पाच जणांना घेऊन ते ठाण्यात आले.

"साहेब, माझं पोरगं जळलं न्हाई, जाळलं," ते म्हणाले. "आग इझवायचा बाटला त्येच्या सोबत्याच्या हातात होता. त्यानं तो मुद्दाम उलटा धरला. उलट्या काळजाचा हाय त्यो."

सोबती म्हणजे पंपावरचाच दुसरा कामगार, मेंढरे राखणाऱ्या घरातला. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती. पण चार दिवस आधी पंपावर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते, ते अनेकांनी ऐकले होते. आता त्याच भांडणाला पाय फुटले. अप्पांबरोबर आलेल्यांनी जबाब दिले. सगळ्यांची भाषा एकच: "बाटला बूड वर, तोंड खाली. निस्तं थेंब थेंब पानी गळत व्हतं." पाच साक्षीदार एकच वाक्य बोलू लागले की मला घाम फुटतो. बहुतेक वेळा पाहिलेले एकाने असते, बाकीचे री ओढतात. इथे मात्र खरोखरच सगळ्यांनी पाहिले होते.

सोबत्याला चौकशीला बोलावले. दोन्ही तळहात भाजलेले, पट्ट्या बांधलेल्या.

"उलटा धरलास?"

"धरला साहेब. त्याला उलटंच धरावं लागतंय. पंप चालू झाला तवा कंपनीच्या मानसानं तसंच करून दावलं होतं."

"मग विझली का नाही?"

"फेस आलाच न्हाई. म्या लई हलीवला, आपटला. निस्तं पानी गळालं."

आमचे जमादार म्हणाले, "साहेब, याची बनवाबनवी ऐकू नका. गावात दंगल व्हायची पाळी आलीय, आत टाका." अटकेची घाई मी करीत नसे. एकदा माणूस लॉकअपमध्ये गेला की सगळा तपास त्याच्याभोवतीच घिरट्या घालतो. बाटला मात्र त्याच दिवशी पंचांसमक्ष सील करून घेतला. त्यावर कसा वापरायचा ते छापलेले असणार, म्हणून पाहिले. पण गेल्या खंडेनवमीच्या पूजेसाठी पंपवाल्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासला होता. वर हळदकुंकवाची बोटे. सूचना सगळ्या रंगाखाली.

बीडहून अग्निशमन दलाचे अधिकारी बोलावले. ठाण्याच्या आवारात पत्र्याच्या परातीत पेट्रोल पेटवले. अप्पा आणि साक्षीदार मुद्दाम समोर उभे केले. अधिकाऱ्यांनी तसलाच दुसरा बाटला आणला होता. सरळ धरला, काहीच नाही. मग बूड वर केले आणि भसकन पांढरा घट्ट फेस उसळला. दुधावर साय धरावी तसा पेट्रोलवर बसला आणि ज्वाळा दबल्या.

ते म्हणाले, "पेट्रोलवर पाणी मारलं तर पेट्रोल वर तरंगतं आणि आग घेऊन पळतं. फेस त्याची हवा तोडतो. बाटल्यात बाहेर सोड्याचं पाणी असतं, आतल्या भांड्यात पुडीतली तुरटी कालवलेलं. उलटा केला की दोन्ही मिसळतात, तेव्हाच फेस होतो."

साक्षीदार एकमेकांची तोंडे पाहू लागले. सील केलेला बाटला उघडला. बाहेर सोड्याचे पाणी बरोबर होते. आतल्या भांड्यात साधे पाणी. तुरटी नव्हतीच.

मी सोबत्याला पुन्हा समोर बसवले. "तू धरलास ते बरोबरच होतं. आता सांग, तुरटीची पुडी कुठं गेली?"

तोवर घडाघडा बोलणारा माणूस गप्प झाला. मान खाली घालून बसला. दम दिला, चहा पाजला, काही उपयोग नाही. जिवावर बेतलेले असताना बोलणारा माणूस सुटायच्या वेळी गप्प बसतो, तेव्हा तो स्वतःला वाचवत नसतो. कुणाला वाचवतो आहे, ते मात्र मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पंपावर पुन्हा पंचनामा केला. ऊन मी म्हणत होते. पंपाच्या कडेला पाणपोई होती; अप्पांनी आपल्या वारलेल्या बायकोच्या नावाने घातलेली. मी तांब्याभर पाणी घेतले आणि थांबलो. सगळ्या गावाला टँकरचे लाल पाणी मिळत होते, आमच्या ठाण्यात तर ते फडक्याने गाळावे लागे. इथे पाणी आरशासारखे निवळ.

"मावशी, पाणी एवढं स्वच्छ कसं?" पाणपोईवरच्या बाईला मी विचारले.

"अप्पांचा धाकला ल्योक पुडी टाकायचा की. पंपाच्या मॅनेजरकडून आनलीती. चिमूटभर टाकली की समदा गाळ खाली." तिने रांजणामागून पांढऱ्या भुकटीची पिशवी काढून दिली. "आता सरतच आली बगा."

मॅनेजरला उचलले. त्याने फार वेळ घेतला नाही. बाटला नव्याने भरताना अप्पांच्या मुलाने तुरटीची पुडी मागून घेतली होती. लोकांना गढूळ पाणी प्यावे लागते, दुसरी पुडी आणून टाकू म्हणाला होता. मॅनेजरने दिली, बाटला तसाच बंद करून भिंतीला टांगला आणि विसरला. सोबती त्यावरूनच भांडला होता. बाटला भरलेला ठेवणे ही जबाबदारी मॅनेजरची. त्याच्यावर हयगयीचा गुन्हा दाखल केला.

अप्पांना सांगणे राहिले होते. हे काम मी जमादारावर टाकले नाही. सोबत्यालाही बोलावून घेतले. मी सांगत गेलो, अप्पा पिशवीकडे पाहत राहिले. ती हातात घेऊन म्हणाले, "माझ्या दुकानात तुरटीचा डबा भरून हाय, साहेब. घरची तुरटी सोडून त्यानं ही कावून नेली?"

मी एवढेच म्हणालो: हाताशी होती, म्हणून नेली.

मग ते सोबत्याकडे वळले. "तुला ठावं होतं. कावून बोलला न्हाईस? जेलात गेला असतास की रे."

"अप्पा, त्यो आईच्या नावानं पानी पाजत होता. मेल्या मानसाकडं बोट दावून म्या कसा सुटू?"

अप्पांनी त्याचे पट्टी बांधलेले हात आपल्या हातांत घेतले आणि मोठ्याने रडले. ठाण्यात रडणे मला नवे नव्हते; पण त्या दिवशी मी उठून व्हरांड्यात गेलो.

साक्षीदार खोटे बोलत नव्हते, हे मी नंतर नव्या पोरांना नेहमी सांगत आलो. डोळ्यांनी पाहिलेलेच ते सांगत होते. पाहिलेल्याचा अर्थ मात्र त्यांनी रागाच्या भरात लावला होता. साक्ष घ्यावी, अर्थ आपण शोधावा. आणि चांगल्या मनाने केलेली चूकही आग माफ करत नाही.

कागदावर सोबती निर्दोष ठरला, पण गाव कागद वाचत नाही. 'पोलिसांनी पैसे खाल्ले' इथपर्यंत कुजबुज गेली. तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी अप्पा त्याला घेऊन आपल्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले. बंदोबस्ताला मी तिथेच होतो. भर बाजारात ते म्हणाले, "बाटल्यातली पुडी माझ्या लेकानं काढली. चूक माझ्या लेकाची होती. ह्या पोरानं हात जाळून घेतले त्येला वाचवायला. आजपासून ह्याला कुनी बोललं तर ते मला बोलल्यागत हाय."

नोकरीत मी असंख्य जबाब घेतले. एवढा महागात पडलेला जबाब दुसऱ्या कुणी दिल्याचे मला आठवत नाही, आणि तो घ्यायला मला कागदसुद्धा लागला नाही.