नसलेला एक टन

किस्से साचायला काम बंद पडावं लागतं. धडधड चालणाऱ्या कारखान्यात कुणाला बोलायला फुरसत नसते. बीडजवळच्या आमच्या कारखान्यात मी शेवटची चार वर्षं काढली, आणि त्या चार वर्षांत तिथे मालाचा एक थेंब निघाला नाही. किस्से मात्र रग्गड निघाले! मित्रमंडळी जमली की मी ते सांगतो आणि लोक हसतात. मीही हसून घेतो. त्या वेळी सोबत हसायला फारसं कुणी नव्हतं.

कारखाना लहानसाच. पेनाच्या शाईला लागणारं एक द्रावण आम्ही करायचो. मालक शिवलिंगअप्पा. पेठेत त्यांचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान होतं आणि कारखाना ही हौस. मी पुण्याहून आलेला केमिस्ट. पुढे बाजार खुला झाला, बाहेरच्या देशांतून स्वस्त द्रावण यायला लागलं आणि द्रावण तयार करायचा आमचा रिअॅक्टर थंड पडला. कामगार माजलगावच्या साखर कारखान्यांकडे पांगले. मीही ट्रंक भरली. पुण्यात बायको सुनीता आणि तीन वर्षांची मनू वाट बघत होत्या.

तेवढ्यात दिल्लीहून एक फॉर्म आला.

*

रासायनिक शस्त्रं कायमची संपवायची असा करार जगातल्या बहुतेक देशांनी मिळून केला होता. आमच्या शाईच्या द्रावणापासून, कुणी मनात आणलंच तर, युद्धातला विषारी वायू करता येतो. म्हणून असा माल करणाऱ्यांनी किती केला, किती शिल्लक आहे, ते दरवर्षी कळवायचं होतं.

अप्पांना हे समजावण्यात माझा तास गेला. त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, दुकानातल्या महादेवाच्या तसबिरीपुढे ठेवला आणि त्याला विभूती लावली. मी म्हटलं, अप्पा, ही चौकशी आहे, मानपत्र नव्हे.

"असू द्या की," अप्पा म्हणाले. "सख्ख्या भावानं कधी इचारलं न्हाई धंदा कसा हाय म्हणून. जगानं इचारलं."

*

उत्तर एका आकड्याचं होतं. शिल्लक शून्य. मी कच्च्या कागदावर शून्य लिहिलं, कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि टाइप करून टपालात टाकायला अप्पांकडे दिलं. कोऱ्या कागदावर सही करू नये हे मी लोकांना सांगत आलोय, ते तेव्हापासून.

आता अप्पांच्या दुकानाची रीत अशी, की तिथे कधीच काही "संपत" नसे. साखर नसली तर "साखर वाढली" म्हणायचं. पोतं रिकामं झालं तरी तळाशी मूठभर धान्य ठेवायचं. असा माणूस जगाला पाठवायच्या पहिल्याच कागदावर शून्य मांडेल कसा? त्यांनी शून्याच्या जागी एक टाइप करून घेतला.

मला कळलं तेव्हा फॉर्म दिल्लीला पोचलेला. मी कपाळाला हात लावला.

"पैल्याच कागदावर शून्य कावून मांडायचं? दरिद्र येतं," अप्पा म्हणाले. "म्हणून एकच टाकला. जास्त कुटं टाकला?"

रकाना टनांचा होता.

*

दिल्लीचं पत्र आलं. शिल्लक असलेला एक टन कोठे आहे ते दाखवावे. तोवर सही करणारा केमिस्ट कारखान्यात हजर राहील याची जबाबदारी मालकाची. अप्पांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा उतरला. मी निघून गेलो असतो तर त्यांना कोर्टकचेरी होती. मी ट्रंक उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

मग मी इंग्रजीत चार पानी खुलासा लिहिला. व्यापारी घरातली रीत, मूठभर धान्य, पहिल्या कागदावरचं शून्य, सगळं. आयुष्यात एवढं चांगलं इंग्रजी मी परत लिहिलं नाही. तीन महिन्यांनी उत्तर आलं.

"खुलासा मिळाला. फॉर्ममध्ये खुलाशासाठी रकाना नाही. एक टन कोठे आहे ते कळवावे."

*

कारखान्यात आता दोघंच उरलो. मी आणि वॉचमन धोंडीबा, चकलांब्याकडचा धनगर. त्याची चौदा शेरडं कंपाउंडमध्येच असत. मी प्रयोगशाळेत कॉट टाकली होती. एक ताट, एक तांब्या, एक स्टोव्ह. दुपारी तो त्याची भाकरी घेऊन माझ्या पायरीवर येई आणि आम्ही जेवत असू. कधी कधी दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. रविवारी तो गावाकडे गेला की मी शेरडांशी बोलायचो. त्याची लाज वाटायची, पण बोलायचो.

एकदा त्यानं करार म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, सगळ्या देशांनी कबूल केलंय की विषारी शस्त्रं ठेवायची नाहीत, आणि कुणीही येऊन बघून जावं. धोंडीबानं घास गिळला, विचार केला.

"म्हंजे एकमेकाला घर उगडून दावायचं?"

मी हो म्हटलं.

"असला एक फार्म आमच्या भावकीला बी मागवा," तो म्हणाला. "बांदावरनं तीस वर्सं बोलना झालेत."

*

घरी मी दिवाळीत चार दिवस आणि मे महिन्यात आठ दिवस जायचो. दरवेळी निघताना सांगायचो, एवढं पत्र आलं की कायमचा येतो. हे मी मनापासून सांगायचो.

दुसऱ्या दिवाळीला सुनीता फराळाचा डबा भरत होती. मी तेच बोललो. तिनं वर न बघता विचारलं, "जे नाहीच, त्याची राखण करायला माणूस लागतो होय?"

मी तिला करार समजावून सांगायला लागलो. शून्य आहे हे सिद्ध करणं सगळ्यात अवघड, जग त्यावरच चाललंय वगैरे. ती ऐकून घेत होती. डब्याला झाकण लावून तिनं तो माझ्या पिशवीत ठेवला. पुढच्या खेपेपासून तिनं तो प्रश्न विचारला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

*

चौथ्या वर्षी तपासणी लागली. परदेशातले दोन निरीक्षक आणि दिल्लीचे एक अधिकारी. अप्पांनी मांडव घातला. नारायणगडाच्या जत्रेत वाजणारा ताशा आणला! निरीक्षकांनी हार घेतले नाहीत, पेढे घेतले नाहीत, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. नियम होता तसा. अप्पा दिवसभर हारांच्या टोपलीपाशी बसून होते. "लगीन मोडलं तरी पावना पानी पिऊन जातो," एवढंच ते म्हणाले.

निरीक्षकांनी एकेक टाकी उघडली. सगळ्या रिकाम्या. शेवटी मोठ्या रिअॅक्टरचं झाकण काढलं तर आत गच्च काहीतरी भरलेलं! सगळे दोन पावलं मागे सरकले. मी मनात हिशेब केला, आता आणखी चार वर्षं. एकानं मुखवटा चढवला, हातमोजे घातले, लांब चिमट्यानं नमुना काढला, बाटलीत घालून सील केला.

धोंडीबा मागून मला हळूच म्हणाला, "सायेब, कडबा हाय. पावसात भिजाया लागला म्हणून ठिवलाय."

हे इंग्रजीत सांगितल्यावर म्हातारा निरीक्षक पहिल्यांदा हसला. संध्याकाळी नकाशा पडताळताना तो प्रयोगशाळेत आला आणि कॉटपाशी थांबला. इथे कोण राहतं, त्यानं विचारलं. मी. किती दिवस? चार वर्षं. त्यानं वहीत काही लिहिलं नाही. तो वर्षातले चाळीस दिवस घरी असतो, असं आपणहून म्हणाला. मी म्हटलं, मी बारा. मग तो जरा वेळ माझ्या कॉटवर बसला. बसू नये असा नियम बहुधा नसावा.

*

शेवटी पत्र आलं. "सदर एक टन अस्तित्वात नव्हता, असे आढळून आले आहे." बस्स! अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तडक एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर गेलो. पुण्याच्या घरी महिन्यापूर्वीच फोन बसला होता, नंबर सुनीतानं पत्रातून कळवलेला. तोवर आमचा संसार पत्रांवर चालला होता. मी त्या नंबरवर पहिल्यांदाच फोन लावत होतो.

मनूनं उचलला. सात वर्षांची झाली होती.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"बीडहून बोलतोय," एवढंच तोंडून निघालं.

"आई," ती आत ओरडली, "बाबांच्या कंपनीतून फोन आहे." आतून नळाचा आवाज येत होता. हात धुऊन येते, थांबायला सांग, असं सुनीता म्हणाली.

मनू, मी बाबा, एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं ओळखलं नाही हे कळल्यावर मला ते म्हणता येईना. मी म्हटलं, "बाळ, साहेबांचा निरोप आहे. ते उद्या सकाळच्या गाडीनं घरी येतायत. कायमचे."

परक्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेतानं ती हळू आवाजात म्हणाली,

"काका, ते दर वेळी असंच सांगतात."