पैलवानाचा मोडलेला कान

तरुणपणी पैलवानांना एका जागी घटकाभर उभं राहवत नसे, आणि म्हातारपणी त्याचाच पगार मिळू लागला. चित्रकलेच्या शाळेत ते चड्डीवर चौथऱ्यावर उभे राहत आणि पोरंपोरी त्यांना बघून शरीर काढायला शिकत. बायको म्हणे, "घरात पाच मिनिटं भाजी निवडायला बसवत नाही, तिथे बरे तासभर गप्प राहता!"

नव्या सरांना जुन्या अभिजात चित्रांचं वेड. त्यांनी चौथऱ्याशेजारी एका प्राचीन मल्लाचा प्लास्टरचा पुतळा आणून ठेवला आणि वर्गाला सांगितलं, "उभं राहणं यांचं घ्या, शरीर पुतळ्याचं."

मधल्या सुट्टीत पैलवानांनी अंगावर चादर ओढली आणि सगळे कागद पाहिले. सुटलेलं पोट गायब होतं, त्याचं काही नाही, उलट बरंच वाटलं. पण तेरा कागदांवर तेरा धडधाकट कान! कुस्तीत वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून, सुजून, ठणका सोसून त्यांचा डावा कान असा गोळा झाला होता. तो या पोरांनी खुशाल पुसून टाकला. पैलवानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, हा कान कोणाचा?"

"आदर्श मल्लाचा. पटत नसेल तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवायचं, हे मनात आलं नाही असं नाही. तरी ते पुतळ्यापाशी गेले. पैलवान समोरच्याचा आधी कान बघतो. पुतळ्याच्या उजव्या कानावर कानशीचे ताजे ओरखडे होते.

"इथे काय झालं होतं?"

"साचा बिघडला असावा. नुसता गोळा होता, मी घासून नीट केला," सर म्हणाले. "दुसराही तसाच गोळा आहे, पण तो भिंतीकडे आहे म्हणून राहू दिला."

पैलवानांनी पुतळ्याला कवेत घेतलं आणि गर्रकन फिरवलं. डावा कान सुजलेला, चुरगळलेला. त्यांनी आपलं डोकं त्याच्या डोक्याला लावलं. दोघांचे मोडके कान शेजारी शेजारी दिसले.

"साचा नाही बिघडला, सर. हा गडी खेळलेला आहे. तुम्ही त्याची कमाई घासून टाकलीत."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. पैलवान पुन्हा चौथऱ्यावर चढले आणि मघासारखाच डावा कान वर्गाकडे करून उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या मुलीने खोडरबर उचललं.

"सावकाश काढा," पैलवान म्हणाले. "मी इथून हलत नाही."