नव्या सर्व्हरची पूजा आणि जुनी रांग

दिवाळीनंतरचा सोमवार. हजर: कापसाच्या जिनिंगचे शेठ, वजनकाट्यावर नोंदी करणारी ऑपरेटर, सर्व्हर विकणारा माणूस, एक नारळ आणि ऑफिस सांभाळणारी मी. गैरहजर: अक्कल.

कापसाची गाडी काट्यावर चढली की ऑपरेटरने वजनाची नोंद करून पावती काढायची. पण पडद्यावरचं चक्र फिरतच राहायचं. तलमडुगू गावाकडून आलेल्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या. शेठचं निदान सोपं होतं: सर्व्हर म्हातारा आणि बाई मंद. सर्व्हर बदलून झाला होता. बाई ते येत्या शनिवारी बदलणार होते. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं, हे निदानात बसत नव्हतं.

नव्या सर्व्हरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले. पावती मात्र पूर्वीइतकीच रेंगाळली.

"पाह्यलं? मशीन नवीन, तरी हे हळूच करून राह्यली," शेठ म्हणाले.

"मंग मी काय सर्व्हरला मागून धक्का देऊ, शेठ?" ऑपरेटर म्हणाली.

शेठ केबिनमध्ये गेले. मी सर्व्हरसमोर बसून तिथूनच एक नोंद टाकली. चुटकीसरशी झाली. सर्व्हर तर झोपा काढत होता. म्हणजे अडलं होतं वाटेत. वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यातून मी एकेक वायर काढून पाहू लागले. एक काढली आणि काट्यावरून हाक आली, "मॅडम, निघाली पावती!"

लगेच केबिनमधून आरोळी: "टीव्ही काऊन बंद पडला?"

ती वायर कॅमेऱ्यांची. कोण हळू काम करतं हे पाहायला शेठनी ते आवारभर लावले होते. त्यांची चित्रं दिवसभर केबिनमधल्या टीव्हीवर धावत असत, आणि पावतीलाही त्याच वाटेने जायचं होतं. मी हे समजावलं.

"म्हणजे आमी पाह्यतो म्हणून काम हळू होते?"

"हो."

पावती घेऊन आत आलेल्या ऑपरेटरने हसू दाबायला घाईघाईने तोंडात पेढा कोंबला.

शेठनी शनिवारचा हुकूम मागे घेतला, चूक मात्र कबूल केली नाही. "कॅमेऱ्याले वेगळी वायर टाकू. पण आता हे वायर परत लावा."

आता रांग वाढली की मी ती वायर काढते. मग शेठ खुर्ची घेऊन काट्याजवळ येतात आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. पाहणं थांबत नाही, पण निदान पावती निघते. वेगळी वायर अजून टाकायची आहे.