तोंडावर बोलणारे दत्तूभाऊ

दत्तूभाऊंची ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यातूनच. सुदुंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात मी माल पाठवणीचा सुपरवायझर म्हणून नवा होतो आणि मोबाईलवर बोलत फोर्कलिफ्टच्या वाटेत उभा होतो. "ओ सायेब! मरायचंय का? हितं नको, दुसरीकडं मरा!" ब्रेक दाबत त्यांनी सगळी शेड दणाणून सोडली. दहा मिनिटांनी तेच उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन समोर. "घ्या. आमच्या रानातल्या हायेत."

राग आला की ते तिथल्या तिथे बोलून मोकळे व्हायचे आणि विसरूनही जायचे. मी नेमका उलटा. मुख्य कार्यालयातले वरिष्ठ फोनवर वाट्टेल ते बोलले तरी माझं "हो सर, लगेच सर." मग लोणावळ्याला घरी पोचेपर्यंत तेच शब्द मनात घोळत राहायचे. भाऊ म्हणायचे, "सायेब, तुमी लय गिळता. मानसाच्या पोटात जागा तरी किती आसंल?"

मार्चअखेरीच्या एका दुपारी माझी छाती आवळल्यासारखी झाली, डावा हात जड पडला. ॲसिडिटी असेल म्हणून मी फोनवर "हो सर" म्हणतच होतो. भाऊंनी माझा घामेजलेला चेहरा पाहिला, फोर्कलिफ्ट बंद केली आणि माझ्या हातातला फोनच काढून घेतला. "सायबांच्या छातीत दुखतंय. माल उद्या निघंल!" फोन बंद करून त्यांनी मला गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. रक्तवाहिनीत अडथळा होता. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. सिगारेट, अपुरी झोप, कामाचा ताण, सगळ्यांची नावं त्यांनी घेतली.

दीड महिन्याने कामावर परतलो, तर भाऊंना उद्धटपणाबद्दल नोटीस आलेली. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं, आणि मला ते एका शब्दाने बोलले नव्हते. मी वरिष्ठांना फोन लावला. "त्यांनी तुमचा फोन कापला म्हणून मी जिवंत आहे. नोटीस मागे घ्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या." या वेळी "हो सर" न म्हणताच फोन ठेवला.

दोन दिवसांनी नोटीस मागे घेतली गेली. आभार मानण्याऐवजी भाऊ माझ्यावरच खेकसले, "दुखन्यातनं उठलेल्या मानसानं आसली भांडनं करायची आसत्यात व्हय?"

"असतात!" मी त्यांच्यावर ओरडलो. सगळे वळून बघायला लागले. मग आधी हसले ते भाऊच.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता शेडमध्ये फार शांतता असते. मला ती मानवत नाही. अधूनमधून मीच ओरडतो.