जीपचा हॉर्न

काल स्कूटीची वायर जळाली आणि त्या करपट वासानं मी मनानं थेट उंद्रीच्या आमच्या अंगणात जाऊन उभी राहिले. बाबांच्या जुन्या जीपचा हॉर्न दाबला की दिवे विझायचे. मिस्त्र्यांनीही हात टेकले होते. एके दिवशी मी सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. अर्थिंगची वायर पत्र्याला जिथे घट्ट बसवली होती तिथे गंज सापडला. तो घासून काढला, जळकी वायर बदलली, वर काळी टेप गुंडाळली. हॉर्न असा वाजला की शेजारी गोळा झाले.

"माह्या पोरानं केलं!" बाबा म्हणाले. दादा तर नुसता सीटवर बसून हॉर्न दाबत होता!

घरात गेल्यावर मी भांडले. "बाबा, खोटं काऊन सांगतलं?"

"पोरगी वायरी जोडते म्हटलं, तं तुले पाह्याले कोण येईन वं?"

तेव्हा वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. आज कळतं, ते घाबरले होते. कळलं म्हणून राग काही जात नाही.

त्या रविवारी मला पाहायला पाहुणे आले; दादानं त्यांना स्टँडवरून आणलं, त्याच जीपमधून, हॉर्न वाजवत. मुलाच्या वडिलांनी आधी दादाची पाठ थोपटली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुले काय काय येते बाई?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "पुरणपोळ्या."