पुढून दीड इंच वर

कोपरला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, एक हिरवी, दोनच माणसांची, टप नसलेली इंग्लिश गाडी उभी असते. ती माझ्या नवऱ्याची. मागच्या दिवाळीनंतर तीन आठवडे ती पुढून दीड इंच वर होती. त्यातल्या शेवटच्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले, तेवढी त्याच्या आजारपणातसुद्धा घाबरले नव्हते.

आम्ही दोघं कोलशेतच्या एका कारखान्यात होतो. तो मेंटेनन्सला, मी तपासणीला. तयार भाग मापायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर लाल पेटीत टाकायचा, हे मी सव्वीस वर्षं केलं. कुणी कितीही गयावया केली तरी खोटा शिक्का मारला नाही, त्यामुळे मला तिथे मैत्रिणी कमी होत्या. कारखान्यात मी त्याला 'अरे' म्हणायचे. लग्नानंतर सासूबाईंसमोर त्याचं 'अहो' झालं आणि तेच तोंडात बसलं. लिहिताना मात्र 'तो'च. गाडीही त्याच कारखान्यातली. कुणा जुन्या साहेबाची, शेडमध्ये गंजत पडलेली. भंगारात निघाली तेव्हा ह्या गृहस्थाने ती उचलली. लोकांच्या घरी लग्नानंतर फ्रिज येतो, आमच्याकडे टेम्पोतून ती आली.

तिच्यावर काम करण्याचा त्याचा एक नियम होता. पुढच्या चाकांना धरणारे दांडे गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात तिथे रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी हवी, आत एक माणूस बसलेलं हवं, मगच आवळायचे. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि गाडीला खाली बसूच देत नाही. मित्रांच्या गाड्यांना हात लावतानाही तो हे दहा वेळा बजावायचा.

आत बसणारं माणूस म्हणजे मी. वीस वर्षं खालून हाक यायची, "अगं, बसायला ये!" मी पहिल्या मजल्यावरून हातातलं काम घेऊन उतरायचे. कधी मटार, कधी लसूण, बहुतेकदा वालाच्या डाळिंब्या. स्टिअरिंगमागे पातेलं मांडीवर घेऊन सोलत बसायचे आणि गाडीखालून आवाज यायचा, "हलू नकोस." मी विचारायचे, "सोलू की तेही नको?" शेजारणी हसायच्या. मी वरवर कटकट करायचे, पण हाक आली की मला बरं वाटायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याला झटका आला. बोलणं महिन्याभरात परत आलं. उजवा हात पूर्ण आला नाही. कप धरला की बशीवर वाजायला लागायचा. त्याने तेव्हा एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली. "हात गेला, पण डोकं शाबूत आहे," असं तो येईल त्याला सांगायचा. भाजीवाल्यालासुद्धा. आणि रोज सकाळी मी आंघोळीला गेले की बाहेर एकोणतीसचा पाढा म्हणून बघायचा. त्याला वाटायचं मला ऐकू येत नाही. मी नळ बारीक करून ऐकायचे. एकोणतीस साते दोनशे तीन बरोबर आलं की नळ मोठा करायचे.

दिवाळीच्या तोंडावर गाडीची पुढची एक जुनी स्प्रिंग तुटली. आमची मुलगी घोडबंदरला राहते. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून येताना नवी जोडी बॅगेतून आणून दिली. बसवायला कारखान्यातला जुना मित्र आला. तो कोलशेतलाच राहतो, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडते, म्हणून ते काम मित्रानेच केलं. शेवटची आवळाआवळ मात्र नवरा म्हणाला मीच करणार. मित्र दुकानातून फोन आला म्हणून निघून गेला.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. तो काठी न घेता जिना उतरला म्हणून मी ओरडले, आणि "मला कुक्कुलं बाळ समजू नकोस" म्हणून तो माझ्यावर ओरडला. तरी मी डाळिंब्यांचं पातेलं घेऊन दाराशी बसले. आता हाक येईल, मग येईल. खालून पान्याची कटकट ऐकू येत होती, म्हणजे बोल्ट आवळले जात होते. हाक आली नाही. मला राग आला. नाही तर नाही, म्हटलं, मला काय हौस आहे? सगळ्या डाळिंब्या वरच सोलल्या आणि आमटी टाकली.

संध्याकाळी बघितलं तर गाडीचं नाक वर. मित्र फोनवर म्हणाला, "चालली की बसेल." ती गल्लीत चार फेऱ्या मारून आली तरी बसली नाही. मग रोज सकाळी टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप. रोज दीड इंच जास्त. नवऱ्याने ठरवून टाकलं की स्प्रिंगाच चुकीच्या आल्यात, आता दोन्हींचा सव्वा सव्वा वेढा कापायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसं त्याचं आहे, एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. मित्राला सांगितलं, रविवारी ग्राइंडर घेऊन ये.

गुरुवारी मी पुन्हा डाळिंब्या सोलायला बसले आणि हात थांबला. त्या दिवशी मी खाली गेलेच नव्हते. आत कुणी बसलंच नव्हतं. गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, आणि तो आवळत होता. स्प्रिंगांचा काही दोष नव्हता. वीस वर्षं जगाला शिकवलेला नियम तो स्वतः विसरला होता.

बोलले नाही तर रविवारी स्प्रिंगा कापल्या जाणार. कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही, जुनी जोडी भंगारात गेलेली, गाडी कायमची बाद होणार. आणि बोलले तर त्याला कळणार की डोकं शाबूत नाही. तो पुन्हा पान्याला हात लावणार नाही, ह्याची मला खात्री होती. पाढेही बंद होतील.

शनिवारी तो फिजिओकडे गेल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेले. बोल्ट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची त्याची कारखान्यातली सवय. चारही ठिपके होते, डाव्या हाताने दिलेले, थोडे फराटलेले. मी पाना लावला. गुपचूप ढिले करून टाकावेत, गाडी आपोआप बसली म्हणावं. पण मी खाली असताना आत बसणार कोण? आणि तो येऊन बघेल, ठिपके तुटलेले दिसतील, मग काय सांगणार? मी पाना जागेवर ठेवला आणि वर येऊन उगाच कपाट आवरलं.

रविवारी नऊला मित्र माणकोलीच्या पुलावरून बाईकने आला. गाडी चार जाड फळ्यांवर चढवली, चाकांना विटा लावल्या. मीटरच्या खोलीतून वायर ओढली. मित्राने ग्राइंडर एकदा चालवून बघितला. तो आवाज माझ्या दातांत गेला.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ, अर्ध्या तासात उडवतो," मित्र म्हणाला आणि जॅक पुढे सरकवला.

"थांबा," मी म्हणाले. "आधी बुश ढिले करून बघा. मी आत बसते."

"बुशचा काय संबंध?" नवरा म्हणाला. "ते वजनावर आवळलेत."

मित्राने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला त्याच क्षणी कळलं असावं. मी दोन रात्री घोकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"नाही आवळलेत. तुम्ही मला हाक मारलेली, मीच आले नाही. रागात होते ना मी. मग तुम्ही तसेच आवळलेत."

आयुष्यातला पहिला खोटा शिक्का. मला वाटलं, तो माझ्यावर भडकेल, चार शब्द ऐकवेल, आणि प्रकरण मिटेल. माझ्या अंगावर घेतलं की झालं. तो भडकला नाही.

"मी हाक मारलेली?" त्याने विचारलं.

"हो."

"किती वाजता?"

"साडेअकरा असतील."

त्याने डावा हात मडगार्डवर ठेवला. ओठ हलत होते. तो पाढा म्हणत होता की तो दिवस आठवत होता, मला कळेना. चेहरा पांढरा पडत गेला. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, पण आता मागे कसं फिरायचं ते समजेना.

"बसा तर वहिनी, बघूया," मित्र घाईने म्हणाला आणि पाना घेऊन खाली सरकला. मी स्टिअरिंगमागे बसले. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. उजव्या बाजूचा पहिला बोल्ट हलेना. मित्राचा दम ऐकू येत होता. मग कट्ट झालं. दुसराही सुटला, आणि माझ्या बुडाखाली गाडी उजवीकडून हळूच खाली गेली, दमलेलं माणूस खाटेवर टेकतं तशी.

"बसली!" खालून मित्र ओरडला. "अरे, बसली रे! स्प्रिंगा एकदम ओके आहेत!"

मी नवऱ्याकडे बघितलं. टेप त्याच्या हातात होता, पण तो माप घेत नव्हता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "हाक मारलेली मला आठवतच नाही. पाना निसटून बोटाला लागलेला आठवतो. टाकीवर मांजर बसलेलं. वरून आमटीच्या फोडणीचा वास आलेला. हाक नाही आठवत गं. एवढी रोजची गोष्ट."

त्याचा आवाज मी झटक्याच्या रात्रीसुद्धा तसा ऐकला नव्हता. मला वाटलं, मी ह्या माणसाचं काय करून ठेवलं.

"मारलीच नव्हती," मी म्हणाले. "खोटं बोलले मी."

गाडीखाली मित्राचे पाय तेवढे दिसत होते. ते हलायचे थांबले.

"मारली नव्हती?"

"नाही. मी पातेलं घेऊन दाराशी बसलेले, कान देऊन. हाक आलीच नाही. तुम्ही विसरलात. नियम विसरलात, मला बोलवायचं विसरलात." ज्या शब्दापासून त्याला वाचवायला निघाले होते, तोच मी तीनदा उच्चारला. मला रडू आलं.

मग त्याने मोठा श्वास सोडला, आणि त्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. ते त्याने थरथरत्या उजव्या हाताच्या बाहीने पुसलं.

"म्हणजे मला बरोबर आठवतंय," तो म्हणाला. "हाक नव्हतीच. विसरलो तर विसरलो, मागे एकदा ब्रेकचं तेल घालायला विसरलेलो. पण मला वाटलं, तो दिवसच गेला डोक्यातून."

मी डोळे पुसले आणि उतरायला दाराची कडी उघडली. मला त्याच्याजवळ जायचं होतं.

"उतरू नकोस!" तो ओरडला, अगदी पूर्वीसारखा. "डावी बाजू राहिलीय."