सरळ का वाकडं

बंदुकीचा परवाना आमच्यासारख्याला सरकार देत नसे, म्हणून नरडाण्याचा माझा शेजारी कामठ्यानं, म्हणजे धनुष्यबाणानं, शिकार करायचा. त्याच्याकडे कामठी दोन. एक भिल्लाकडून आणलेलं, लांब, सरळ बांबूचं. दुसरं वडिलांचं, आखूड, शिंगाचं, टोकं उलटी वळलेलं. रविवारी आम्ही रानडुकरांमागे निघालो की तो विचारायचा, "भाऊ, आज सरळ लेऊ का वाकडं?" मी सरळ म्हटलं की वाकडं घ्यायचा, वाकडं म्हटलं की सरळ. वर वाटभर कारणं ऐकवायचा. मला चीड यायची, तरी मी जायचो.

एकदा ज्वारीतून डुक्कर थेट माझ्या अंगावर आलं. बाण लावायला वेळ नव्हता. आरोळी ठोकत तो मध्ये घुसला आणि वडिलांचं कामठं त्यानं डुकराच्या तोंडावर मोडलं. डुक्कर पळालं. तुकडे गोळा करताना तो एवढंच म्हणाला, "सरळ लांब शे. आज तेच लेवाले पाहिजे व्हतं."

पुढच्या रविवारी त्याच्या घरात सरळ तेवढंच उरलं होतं. तरी त्यानं विचारलं, "भाऊ, सरळ लेऊ का वाकडं?"

"वाकडं," मी म्हटलं.

"नई, आज सरळच बरं शे," म्हणत त्यानं ते खांद्याला अडकवलं.